सव्वा इंच

लक्ष्मीपुरीत रतनशेठनं तीन पेट्या मांडल्या,
काळी, काळी, आणि लष्करी हिरवी.
"वर उभं राहा," म्हणाला.
मी चपला काढल्या. ब्याऐंशी किलो.
पहिली पोटातून कुरकुरली.
दुसरी बोललीच नाही.
हिरवीला कडी एकच, तिच्यावर चढलोच नाही.
नफिसा गुडघ्यावर बसून बिजागऱ्या बघत होती,
बाजारात बैलाचे दात बघावेत तशी.

"नुसती पेटी सहा किलो आठशे, रायफल साडेपाच,
विमानात पंधरा चालतात."
तिनं मोबाईलही काढला नाही.
"कपड्यांना दोन किलो सातशे उरले, अब्बा."
आणि जॅकेट? ते नुसतं कॅनव्हासच तीन किलोचं.
"अंगात घालून जाईन."
मे महिन्यात?
"मे महिन्यात."

रतनशेठनं शंभर रुपये सोडले आणि चहा मागवला.

आमच्या घरात एक पेटी आहेच.
आजा दरबारच्या शिकारखान्यात होता.
दाजीपूरच्या रानात हाकारा उठायचा
तेव्हा दुसऱ्याची बंदूक याच्या खांद्यावर.
उडवायचं काम निराळ्या माणसाचं.
म्हातारपणी बक्षीस म्हणून एक मिळाली,
आणि मग कायदा आला.
पुढं कुठल्याशा निवडणुकीत ती ठाण्यात जमा केली.
पावती होती म्हणे. आणायला कुणी गेलं नाही.
पेटी राहिली: चामड्याची, आत लाल बनात,
बनातीवर बंदुकीएवढी झीज.
रेहाना तिच्यात पडद्यांच्या दांड्या ठेवते.

रात्री फोम कापायला मी बसलो.
पॅटर्नमेकर माणूस मी, उद्यमनगरात तीस वर्षं
वस्तू निघून गेल्यावर उरते
ती जागाच बनवत आलोय.
बिडाचं सोपं असतं.
थंड होताना ते शेकडा एक आकसतं,
तेवढं आधीच वाढवून धरायचं.
पोरगी एकोणीस वर्षांची,
घराबाहेर एकटी पहिल्यांदाच.
हिच्यासाठी किती धरायचं,
ते आमच्या फूटपट्टीवर नाही.

"घट्ट काप," ती मागून म्हणाली,
"हलली तर झिरो जातो."
मी पातं बदललं.
दस्ता, नळी, साईटचं टेंगूळ,
बोल्टला वेगळा कप्पा.
पेन्सिलची रेघ आतल्या बाजूनं धरून कापत गेलो,
म्हणजे भिंतीनं तिला धरून ठेवावं.

उजळाईवाडीला कागदांची गड्डी:
लायसन, असोसिएशनचं पत्र, गोळ्यांचा हिशेब.
गोळ्या निराळ्या डब्यात.
दोन कुलपं, किल्ल्या तिच्या गळ्यात.
आणि ती त्या ताठ जॅकेटात,
हात धड खाली पडत नव्हते,
घामानं कपाळ चमकत होतं,
रांगेतलं एक पोर तिच्याकडं टक लावून.

काउंटरवरचा साहेब म्हणाला, उघडा.
उघडली.
त्यानं वाकून बघितलं. चांगला मिनिटभर.
मला वाटलं रायफल बघतोय.
"हे कापलं कुणी?" त्यानं विचारलं.
तिनं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.
मग मिशीत हसत, "शिकारीला निघाला का?"
"हो," नफिसा म्हणाली. "कागदाच्या."
त्यानं शिक्का मारला.

पेटी पट्ट्यावरून पडद्याआड गेली.
एक कोपरा जरासा आपटला.
मी कान दिला. पेटी बोलली नाही.

घरी आलो तर टेबलावर
फोमचा कापलेला तुकडा तसाच होता,
राखाडी, हलका, रायफलीच्या आकाराचा.
उचलला तर मान टाकली त्यानं.
फेकवेना.
दांड्या काढून आज्याच्या पेटीत ठेवून बघितला.
दस्ता बसला. नळीकडं सव्वा इंच मोकळं राहिलं.
बोटानं चाचपलं, बनात तिथं अजून लालभडक होती.

रेहाना दारात उभी.
"पोचल्याचा फोन आला का तिचा?"
नाही अजून.
"मग दांड्या कुठं ठेवू मी?"